खूण कोणाची, जबाबदारी कोणाची?

दिवाळीच्या मागेपुढे आपल्या झाडीपट्टीतील बाजारांत शिंगाडे येऊ लागतात. मालगुजारी तलावांत उतरून ढिवर मंडळी ते काढतात, उकडतात आणि टोपलीत घालून बाजारात बसतात. काळसर साल, दोन बाजूंना दोन शिंगे आणि आत पांढरा गर, असे हे फळ आपण लहानपणापासून खात आलो आहोत. याच फळाचे नाव जगातील मोठमोठ्या बंदरांत, जहाजांवर, मोटारींवर, विजेच्या यंत्रांवर आणि उंच इमारतींतील लिफ्टवर मिरवत असते, असे कोणी सांगितले तर आपला चटकन विश्वास बसणार नाही. तथापि ते खरे आहे. जपानातील मित्सुबिशी या उद्योगसमूहाची तीन तांबड्या चौकटींची खूण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. जपानी भाषेत ‘मित्सु’ म्हणजे तीन आणि ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा. दोन शब्द जोडताना त्या भाषेच्या रीतीने ‘हि’चा ‘बि’ होतो. पत्त्यांतील चौकटीसारख्या आकृतीला जपानी माणूस शिंगाड्याच्याच नावाने ओळखतो. म्हणून तीन शिंगाडे म्हणजेच तीन चौकटी, आणि तेच त्या घराचे नाव व तीच त्या घराची खूण.

नाना प्रकारचा माल करणारे एखादे औद्योगिक घराणे आपल्या सगळ्या मालावर एकच खूण का उमटवते, ती खूण येते कोठून, आणि तिची किंमत कशावर ठरते, हा आमचा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो परदेशातला वाटेल. परंतु त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यातून गेलेला आहे. तो हाती धरण्यासाठी आपल्याला नागासाकी, मुंबई आणि लोहारा अशा तीन ठिकाणी जाऊन यावयाचे आहे, आणि शेवटी गडचिरोलीच्या जंगलात येऊन थांबावयाचे आहे.

खूण म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यांना बाहेरच्या कोणी शिकवण्याची गरज नाही. आलापल्लीच्या जंगलातील सागाचा ओंडका बल्लारपूरच्या डेपोत येतो तेव्हा त्यावर हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. हा शिक्का आणि वाहतुकीचा परवाना यांच्यावाचून लाकूड नाक्यापलीकडे जात नाही. खोटा शिक्का उठवणे किंवा खरा शिक्का खरवडून टाकणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण ही खूण एकाच प्रश्नाचे उत्तर देते : हा माल कोणाचा? ओंडका आतून भरीव आहे की पोकळ, याविषयी शिक्का काही बोलत नाही. ही झाली मालकीची खूण.

दुसऱ्या जातीची खूण दुकानात भेटते. विडीच्या बंडलावरचे रंगीत लेबल, चहाच्या पुड्यावरचे चित्र, पंपाच्या अंगावर ओतलेली अक्षरे, ही सर्व या जातीची. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो गिऱ्हाईकसुद्धा ‘अमुक छाप दे’ म्हणून बिनचूक मागतो. येथे प्रश्न मालकीचा नाही. विकत घेतल्यावर माल आपलाच होतो. येथे प्रश्न असा की, हा कोणी केला, आणि बिघडला तर जाब कोणाला विचारावयाचा? खताचे पोते शेतकरी दुकानातच फोडून तपासू शकत नाही, आणि इंजिनाच्या पोटात डोकावून ते किती वर्षे चालेल हेही त्याला कळत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची हमी तो खुणेकडून मागतो. कायदा पहिल्या जातीला मालकीची खूण म्हणतो व दुसरीला व्यापारचिन्ह. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा आपल्याकडे १९४० मध्ये झाला, आणि सांप्रत १९९९ चा कायदा लागू आहे.

या दोहोंहून जुनी अशी तिसरी एक जात आहे, ती कुळाच्या खुणेची. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. तो गोंड राजांचा. त्या दरवाजाखालून जाणाऱ्याला येथे सत्ता कोणाची हे विचारावे लागत नसे. मित्सुबिशीची खूण अशाच कुळचिन्हांतून जन्मली आहे.

यातारो इवासाकी हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा जन्म १८३५ चा, शिकोकू बेटावरील तोसा प्रांतातला. घराण्याची सामुराईची पदवी पूर्वजांनी विकून टाकलेली, त्यामुळे मान नाही आणि पैसाही नाही. हुशारीच्या जोरावर तो तोसाच्या यामानौची सरदारांच्या व्यापारी कचेरीत शिरला व नागासाकी बंदरात परदेशी व्यापाऱ्यांशी देवघेव करू लागला. जपानात जुनी सरदारशाही मोडत होती. १८७० मध्ये तीन आगबोटी घेऊन एक नौवहन पेढी उभी राहिली आणि लवकरच ती यातारोच्या हाती आली. तिच्या निशाणासाठी दोन कुळचिन्हांचा मेळ घातला गेला. धन्याच्या घराचे चिन्ह ओकच्या तीन पानांचे होते, तर इवासाकींच्या घराचे एकावर एक रचलेल्या तीन शिंगाड्यांचे. पानांची मांडणी घेतली आणि पानांच्या जागी शिंगाडे ठेवले. १८७३ मध्ये पेढीने नावही तेच घेतले.

जहाजांपासून निघालेले हे घर शंभर धंद्यांत कसे पसरले, हे पाहण्यासारखे आहे. त्यात मागच्या गरजेतून पुढचा धंदा निघत गेला आहे. आगबोटीला कोळसा लागतो, म्हणून १८८१ मध्ये ताकाशिमाची कोळशाची खाण घेतली. बोटींची दुरुस्ती करावी लागते, म्हणून १८८४ मध्ये नागासाकीची सरकारी गोदी भाड्याने घेतली, आणि १८८७ मध्ये ती विकतच घेतली. गोदीत इंजिने होऊ लागली. १९१७ मध्ये गोदीवाल्यांनी एक मोटारगाडी तयार केली. १९२१ मध्ये कोबेच्या गोदीतील विजेचे काम वेगळे काढून स्वतंत्र कंपनी केली, आणि तिचा पहिला खपाऊ माल होता विजेचा पंखा! पंखा घेणाऱ्याला या कंपनीची काही माहिती नव्हती. पण ज्यांची जहाजे समुद्रात तरतात त्यांचा पंखा फिरेल, एवढे त्याला पुरेसे वाटले असले पाहिजे. एका मालावर कमावलेला विश्वास दुसऱ्या मालाला उसना देता येतो. एकाच खुणेखाली अनेक धंदे चालतात त्याचे मर्म हे आहे.

परंतु उसना दिलेला विश्वास परत फेडावा लागतो. या जपानी घराच्या इतिहासात तशा तीन गोष्टी आहेत.

पहिली गंमतीची आहे. मित्सुबिशी नावाची एक पेन्सिल कंपनी जपानात आहे. तिची खूणही तीच, तीन चौकटींची. मात्र इवासाकींच्या घराशी तिचा काडीचा संबंध नाही. त्या पेन्सिलवाल्याने सरकारी कचेऱ्यांना तीन प्रकारच्या पेन्सिली पुरवल्या आणि आपल्या कुळचिन्हावरून तीन चौकटी काढल्या. १९०३ मध्ये त्याने त्यांची नोंदणीही केली. मोठ्या घराण्याने आपली खूण नोंदवली ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. दोन्ही घरे आजतागायत तीच खूण वापरत आहेत. म्हणजे आकृती स्वतः काहीच सांगत नाही. तिच्यामागे कोण उभा आहे, ते आपल्याला अगोदर ठाऊक असावे लागते.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धात या घराने लढाऊ विमाने व युद्धनौका बांधल्या, आणि त्याच्या खाणींत व कारखान्यांत कोरियन व चिनी माणसांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. युद्धानंतर अमेरिकन अंमलाखाली हे घराणे मोडण्यात आले व त्याचे तुकडे करण्यात आले. एवढ्यावर न थांबता, जुन्या घराण्यांची नावे आणि खुणा पुढे वापरू नयेत, असाही हुकूम निघाला. जेत्यांनी कारखाने आणि पैसा यांच्याबरोबर तीन चौकटींचे चित्रही पुसावयास काढले होते, यावरून खुणेचे बळ ध्यानात येईल. मित्सुई, सुमितोमो व मित्सुबिशी या तिन्ही घरांनी मिळून त्यास विरोध केला. अंमल लांबत गेला, आणि १९५२ मध्ये परकी अंमल संपल्यावर तो हुकूमच रद्द झाला. खूण वाचली. पण तिच्याबरोबर जुने देणेही वाचले. सक्तीने राबवलेल्या कोरियन कामगारांना भरपाई द्यावी, असा निकाल दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नावाच्या कंपनीविरुद्ध २०१८ मध्ये दिला. खुणेचा मान घ्यावयाचा आणि तिच्या नावावरचे कर्ज नाकारावयाचे, असे करता येत नाही, हा त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे. आज मित्सुबिशी नावाखाली अनेक स्वतंत्र कंपन्या आहेत. त्यांतील मोटारींच्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे सरकारपासून दडवून ठेवल्या होत्या, हे २००० मध्ये उघडकीस आले. २०१६ मध्ये तिने मोटारींच्या इंधनाचे आकडे खोटे सांगितल्याचे तिलाच कबूल करावे लागले. दोष एका कंपनीचा, पण खूण सगळ्यांची. विश्वास उसना देता येतो, तशी बदनामीही वाटली जाते.

आता आपण मुंबईला येऊ. यातारो १८८५ मध्ये वारला. त्याच वर्षी त्याची जहाजे व त्याच्या प्रतिस्पर्ध्याची जहाजे एकत्र करून निप्पॉन युसेन काइशा नावाची मोठी नौवहन कंपनी निघाली. तिच्या पांढऱ्या निशाणावरील दोन तांबडे पट्टे हे त्या दोन घरांच्या मीलनाचे. १८९३ मध्ये या कंपनीशी करार करण्यासाठी मुंबईचा एक व्यापारी जपानला गेला. त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. हिंदुस्थानचा कापूस व सूत पूर्वेकडे नेणाऱ्या युरोपीय बोट कंपन्या एकी करून वाटेल ते भाडे उकळत होत्या. टाटांनी जपानी कंपनीच्या भागीदारीत मुंबई-कोबे मार्ग सुरू केला. प्रतिस्पर्ध्यांनी भाडे इतके खाली आणले की टाटांना आपली बाजू आवरती घ्यावी लागली, पण जपानी जहाजे त्या मार्गावर टिकून राहिली. अशा रीतीने शिंगाड्याच्या घरातून निघालेली जहाजे आणि आपल्या देशातले नाना उद्योगांचे सर्वांत मोठे घराणे यांची गाठ पडली.

जपानच्या त्या प्रवासापूर्वीच जमशेटजींचा आपल्या भागाशी संबंध आला होता. कापूस पिकतो तेथेच गिरणी काढावी, हा विचार करून त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल उभारली व १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू केली. मग १८८२ मध्ये त्यांच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाचा तो अहवाल होता, आणि त्याचा विषय होता चांदा जिल्ह्यातील लोखंड! लोहारा या गावाजवळ उत्तम लोहखनिजाचा डोंगर आहे आणि वरोऱ्यास कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. गावाचे नावच लोहारा. आपल्या भागात लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांतून लोखंड गाळण्याची विद्या इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून होती. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीस पाठवला. तो पोलादाच्या भट्टीस उपयोगी नाही, असे उत्तर आले. सरकारच्या खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या. बेत मागे पडला, पण तो त्यांच्या मनातून गेला नाही.

सुमारे सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या राजवटीत खाणींचे नियम सैल झाले आणि टाटांनी चांदा जिल्ह्याचा विषय पुन्हा हाती घेतला. अमेरिकेहून सी. एम. वेल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ आला. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला हे त्याच्याबरोबर आपल्या जंगलात बैलगाड्यांतून हिंडले व तंबूंत राहिले. हे सकलातवाला पुढे इंग्लंडात गेले आणि १९२२ मध्ये तेथील पार्लमेंटात कामगारांचे कैवारी म्हणून निवडून आले. या मंडळींना लोहाऱ्यात लोखंड मिळाले, पण भट्टीला लागेल तसा कोळसा आवाक्यात मिळाला नाही. लोखंड व कोळसा जवळजवळ असल्यावाचून पोलादाचा हिशेब जुळत नाही. अखेर नकार कळवण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तेथे भिंतीवर भूगर्भाचा एक रंगीत नकाशा होता. त्यात दुर्ग जिल्ह्याजवळ लोखंडाचा गडद रंग दिसला. त्या नकाशामागे प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाचे जुने काम होते. त्या रंगाच्या मागावर ही मंडळी डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांपर्यंत गेली. पुढे १९०४ मध्ये बोसांनीच पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील खनिजाची वार्ता दिली. त्याच वर्षी जमशेटजी वारले. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी नोंदवली गेली, साक्ची या खेड्यात कारखाना उभा राहिला, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पहिले पोलाद बाहेर पडले. साक्चीचे १९१९ मध्ये जमशेदपूर झाले. डल्ली-राजहऱ्याचे लोखंडही वाया गेले नाही. ते पुढे भिलाईच्या सरकारी कारखान्याला मिळाले. लोहारा मात्र लोहाराच राहिले.

टाटांच्या घराचा पसारा पुढे कसा वाढला, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे. सूत, पोलाद, वीज, साबण, आगगाडीची इंजिने, ट्रक, मीठ, चहा. त्यांच्या खुणेची एक हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. १९५४ मध्ये त्यांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपुरास ट्रक बांधावयास सुरुवात केली. त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीझचा तीन टोकांचा तारा असे. लोक तारा पाहून ट्रक घेत. १९६९ मध्ये करार संपला व तारा उतरला. त्याच्या जागी टाटांचे स्वतःचे अक्षर आले. आता उसनी खूण नव्हती. चालकाचा विश्वास आपल्याच नावावर मिळवावयाचा होता, आणि घाटातून, चिखलातून, जंगलातल्या रस्त्यांतून चालून त्या ट्रकांनी तो मिळवला. पंधरा वर्षे ताऱ्याच्या सावलीत शिकलेली विद्या खरी होती, म्हणूनच तारा गेल्यावर काम अडले नाही.

तरीही एक अडचण राहिलीच. या घराण्याच्या निरनिराळ्या कंपन्या आपापल्या परीने नाव लिहीत, आपापले चिन्ह काढत. विसाव्या शतकाच्या अखेरीस रतन टाटांच्या कारकिर्दीत हे बदलले. सर्वांसाठी निळे, कमानदार एकच चिन्ह केले गेले. नावाची मालकी टाटा सन्स या मूळ संस्थेकडे ठेवली, आणि १९९८ मध्ये आचरणाची एक संहिता घालून दिली. नाव वापरावयाचे तर संहिता पाळली पाहिजे, असा त्यातला करार. जपानी घराने अनुभवाने जे शिकले तेच येथे कागदावर आले : खूण एकाची असेल तर तिची राखणही कोणीतरी एकाने केली पाहिजे. अर्थात संहितेने सर्व प्रश्न सुटत नाहीत. २००६ च्या जानेवारीत ओडिशातील कलिंगनगर येथे याच घराण्याच्या पोलाद-कारखान्याच्या जागेवरून संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात डझनाहून अधिक आदिवासी मृत्युमुखी पडले. पोलादावर उमटलेली खूण त्या जमिनीविषयीही काही सांगते की नाही, हा प्रश्न तेव्हापासून देशापुढे आहे.

आणि हाच प्रश्न आपल्याला घरी घेऊन येतो.

आपल्या दोन जिल्ह्यांनी देशाला काय दिले नाही? कोळसा दिला, सिमेंटचा दगड दिला, साग दिला, बांबू दिला, तेंदूची पाने दिली. बांबूचा बल्लारपुरास कागद झाला. तेंदूपत्ता ऐन उन्हाळ्यात आपल्या आयाबहिणी जंगलातून तोडून आणतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि तो दूरच्या विडी कारखान्यांत जाऊन कोणाच्या तरी छापाखाली विकला जातो. विडी ओढणाऱ्याला छाप ठाऊक असतो. पान एटापल्लीचे की धानोऱ्याचे, हे त्याला कोणी सांगत नाही. जे लोखंड टाटांना परवडले नाही त्याच्याच जातीचे लोखंड आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून निघते आहे, आणि कोनसरीस कारखानाही उभा राहिला आहे. तो डोंगर तेथील आदिवासींच्या दृष्टीने ठाकूरदेवाचे ठिकाण आहे. तेथून निघणाऱ्या लोखंडावर पुढे कोणाची तरी खूण उमटेल. त्या खुणेने मागे राहिलेल्या डोंगराची, नदीची आणि गावांची जबाबदारीही उचलली पाहिजे, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मित्सुबिशीचा इतिहास सांगतो की जबाबदारी टाळली तरी ती सत्तर वर्षांनी दार ठोठावते.

पण मागणी करणे हे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे आपल्याच भागातील एका खेड्याने करून दाखवले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे ते गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. त्या कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी गावाने तोडलेला बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. म्हणजे बांबू गावाचा, पण शिक्का दुसऱ्याचा. गाव अडून बसले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाच्या हवाली केले. ग्रामसभेचे ज्येष्ठ देवाजी तोफा यांनी ते स्वीकारले. हे पुस्तक दिसावयास लहानसेच. पण ज्या जंगलात दीडशे वर्षे परक्याचाच हातोडा चालत आला, तेथे प्रथमच गावाला आपल्या मालावर आपली खूण उमटवता आली.

मालकीची खूण मिळाली. पण तिच्यातून हमीची खूण कशी होते, ते चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावात पाहावे. त्या गावालाही २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व बांबूची विक्री गाव स्वतः करू लागले. तेंदूपत्त्याच्या बाबतीत मात्र त्याने उलटा निर्णय घेतला. तेंदूसाठी झाडांची छाटणी होते, जंगलास आगी लावल्या जातात, म्हणून हातचे उत्पन्न सोडून ग्रामसभेने पत्ता तोडणेच बंद ठेवले. हाती शिक्का आल्यावर माणूस त्याचा वापर कोठे करीत नाही, यावरून त्या शिक्क्याची किंमत ठरते. मोठमोठ्या कंपन्यांना ज्यासाठी संहिता लिहाव्या लागल्या, ते एका खेड्याने सभेत बसून ठरवले.

अशी गावे अद्याप थोडी आहेत, आणि त्यांचीही वाट सरळ नाही. व्यापारी एकजूट करून भाव पाडतात, जसे एके काळी बोटवाल्यांनी टाटांचे भाडे पाडले. हिशेब ठेवणारी माणसे कमी पडतात. एखाद्या गावाने खराब माल गठ्ठ्यात दडपला, तर बदनामी शेजारच्या दहा गावांना भोगावी लागते, जशी एका मोटार कंपनीमुळे सगळ्या घराण्याला भोगावी लागली. येथे कामाला येईल ती आपणा शहरवासीयांची मदत. वही ठेवावयास शिकवणे, कायद्याचा कागद वाचून दाखवणे, आणि मुख्य म्हणजे बाजारात माल घेताना तो कोठला हे विचारणे, एवढे तर आपल्याला जमण्यासारखे आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने जिल्ह्याचे नाव घेतले. तो अभिमान रास्त होता. तोच पाटीतल्या शिंगाड्यापर्यंत आणि गावच्या बांबूपर्यंत पोहोचावा, एवढीच आमची विनंती आहे.

दीडशे वर्षांपूर्वी एका गरीब घरच्या जपानी माणसाने आपल्या कुळाचे शिंगाडे तीन आगबोटींच्या निशाणावर चढवले. शिंगाडे आपल्याही तलावांत आहेत. पुढच्या दिवाळीत ते घेताना ते काढणाऱ्याला त्याच्या तलावाचे आणि गावाचे नाव अवश्य विचारावे. खुणेची सुरुवात नाव विचारण्यापासूनच होते.